ज्याचा डोळा त्याची बाटली

त्या गावात कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलं, की तो डोळा तळहाताने झाकून थेट कौशल्याबाईच्या ओसरीवर यायचा. ती हातातलं काम टाकायची, चूळ भरायची, माणसाला खांबाला टेकून बसवायची. एका हाताने पापणी उलटवायची आणि जिभेचं टोक बुबुळावरून अलगद फिरवायची. मग जिभेवरचं कुसळ बोटाने काढून त्यालाच दाखवायची. "हे पाह्य तुहा वैरी."

ही विद्या तिला सासूने दिली होती. आंधळगावपर्यंतच्या गावांत दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती. धान चुरायचे, मळणीचे दिवस आले की खळ्याखळ्यातून माणसं येत. कौशल्याबाईने त्यासाठी कधी कुणाकडून मूठभर धानही घेतलं नाही. कुणी देऊ केलं तर म्हणायची, "जिभेले का मजुरी लागते?" पण माणूस बरा होऊन गेला की ती दारापर्यंत त्याच्यामागे जायची आणि तो दिसेनासा होईपर्यंत उभी राहायची.

मग तिच्याच डोळ्यांवर पडदा आला. आधी चुलीतला जाळ धुकट दिसू लागला. पुढे सुपातले खडे दिसेनात. एकदा तिने भातात मिठाऐवजी रांगोळी टाकली. सून चंद्रकांताने सगळं भांडं गाईपुढे ओतलं. त्या दिवशी कौशल्याबाई जेवली नाही.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. हिवाळ्यात तालुक्याच्या गावाजवळच्या एका शाळेत डोळ्यांचं शिबीर भरलं. तिचा मुलगा इश्वर तिला बैलबंडीत घालून घेऊन गेला. वर्गातले बाक बाहेर काढून जमिनीवर तनस, धानाचा पेंढा अंथरला होता, वर सतरंज्या. बायका एका वर्गात, पुरुष दुसऱ्यात. कौशल्याबाईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हलायचं नाही, खोकायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. ती लाकडासारखी पडून राहिली.

सुट्टी व्हायच्या दिवशी नर्स सुलोचनाबाईंनी सगळ्या बायकांना भिंतीशी ओळीने बसवलं. प्रत्येकीच्या हातात औषधाची छोटी बाटली दिली.

"हे औषध डोळ्याची सूज उतरवते. आता मी सांगते तसं सांगायचं. टाकायच्या आधी काय करायचं?"

"हात धुवाचे," बायका म्हणाल्या.

"साबणाने. मग बाटली हलवायची. मान मागे, खालची पापणी बोटाने खाली ओढायची, एकच थेंब. बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, पापणीलाही नाही. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा हलकेच दाबून धरायचा. बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायचं नाही. डॉक्टर सांगतील तसं कमी करत जायचं. दुखलं, पाणी आलं, कमी दिसलं तर वाट पाहायची नाही, लगेच यायचं. आणि सगळ्यात शेवटचं. बाटली कोणाची?"

बायका हातातल्या बाटल्या चाचपू लागल्या.

"ज्याचा डोळा त्याचीच बाटली. घरात कोणाचा डोळा लाल झाला तरी द्यायची नाही. पोराला नाही, सुनेला नाही. तुमच्या डोळ्याला जे अमृत ते दुसऱ्याच्या डोळ्याला विष होऊ शकते."

मग त्यांनी एकेकीकडून वदवून घेतलं. कुणाचा थेंब आधी यायचा आणि हात मागून. कौशल्याबाईने मात्र सगळं न अडखळता सांगितलं, ओळीने. सुलोचनाबाई हसल्या. "बाई, तुम्ही शाळेत गेल्या असत्या तर पहिल्या आल्या असत्या." मग शेजारच्या दोघींना शिकवायचं कामही तिच्याकडेच दिलं. बंडीत बसल्यावर ती सगळा रस्ताभर इश्वरला तेच सांगत होती.

"पाठ झालं मले," इश्वर म्हणाला. "आता बैलंबी सांगतीन."

घरी आल्यावर तिची खाट ओसरीवर टाकली. डोळ्यावर हिरवी पट्टी. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, चुलीच्या धुरात जायचं नाही. चंद्रकांता हात धुऊन थेंब टाकायची आणि बाटली कोनाड्यात ठेवायची. अंगणापलीकडे खळं होतं. बैलांच्या खुरांचा आणि तनस झटकल्याचा आवाज यायचा. सगळं गाव कामात होतं आणि ती बसून होती. बसल्या जागी ताट यायचं. सुनेच्या पावलांचा आवाज आला की ती उगाच पदर नीट करायची.

अशात भय्याजी आला. तिच्या वयाचा, जुना शेजारी, तोंडाने फटकळ.

"कौशल्या, काढ वो बाई. सकारपासून डोऱ्यात खुपून रायलं."

"मले वाकाची मनाई हाय, भय्याजी."

"मंग मी खाटीवर उभा रायतो."

"जिभेचं आता नाई जमत. डाक्टरची मनाई."

"हाव का?" भय्याजी उठला. "म्हंजे तुहा धंदा बसला मनावं. चाल बापा, मंडईतल्या न्हाव्याकडे जातो."

तो दोन पायऱ्या उतरला. डोळा धरून आलेला माणूस कौशल्याबाईच्या ओसरीवरून आजवर तसाच परत गेला नव्हता.

"थांब," ती म्हणाली. चंद्रकांता खळ्यावर होती. कौशल्याबाई चाचपडत कोनाड्यापर्यंत गेली. हात धुतले, बाटली हलवली, सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. फक्त डोळा भय्याजीचा होता.

दुसऱ्या दिवशी भय्याजी रस्त्यावरूनच ओरडला, "लाली गेली वो! जिभेपरीस बेस हाय तुही दवाई!"

ते चार घरांनी ऐकलं. मग कुणी ना कुणी येऊ लागलं. कुणाचे डोळे धुळीने चुरचुरत होते, कुणाच्या पोराला चिपडं येत होती. कौशल्याबाई चंद्रकांता खळ्यावर गेल्याची खात्री करून घ्यायची. मनात तिला सुलोचनाबाईंचा आवाज ऐकू यायचा. मग ती मनातल्या मनात म्हणायची, एका थेंबाने का होते? आणि येणारा माणूस हसत गेला, की तो आवाज बंद व्हायचा.

बाटली हलकी होत चालली, तेव्हा ती सुनेला म्हणाली, "दुपारचा थेंब आता मीच टाकून घेईन, तू काम कर." आणि तो थेंब ती टाकेनाशी झाली.

शकुन त्यांच्याच खळ्यावर उपणायला यायची. दोन घरं सोडून राहणारी, तुलारामची बायको. अंगाने काटकुळी, पण तिवईवर उभी राहिली की वारा पडेपर्यंत सूप खाली ठेवत नसे. एका दुपारी वारा उलटा फिरला आणि कोंड्याचा लोट तिच्या तोंडावर आला. ती डोळा दाबून ओसरीवर आली.

"मोठीमाय, कुसर गेलं वो. लय टोचून रायलं."

कौशल्याबाईने तिला उजेडाकडे तोंड करून बसवलं. डाव्या डोळ्याने तिला शकुनच्या चेहऱ्याचा नुसता गोल दिसत होता. मागोमाग खळ्यावरून आलेल्या चंद्रकांताने लुगड्याच्या टोकाने कुसळ काढलं.

"निघालं," चंद्रकांता म्हणाली. "पण वरखडलं दिसते. डाक्टरकडे जा."

"उपनाचं सोडून?" शकुन हसली. "जाते आपोआप."

चंद्रकांता आत गेल्यावर कौशल्याबाई हळूच म्हणाली, "मान मागं कर." आणि थेंब टाकला.

दुसऱ्या दिवशी शकुन म्हणाली, लाली उतरली, ठणकाही कमी आहे. ती पुन्हा तिवईवर चढली. दोन दिवसांनी डोळ्यातून पाणी येऊ लागलं. कौशल्याबाईने थेंब टाकला. ठणका थांबला. मग शकुनला उजेड सोसेना. पदर कपाळावरून खाली ओढून ती उपणत होती, अर्धा कोंडा धानात पडत होता. इश्वर तिच्यावर खेकसला, "ध्यान कुटं हाय तुहं? कोंडा विकाचा हाय का मले?" ती सूप झटकून पुन्हा भरू लागली. संध्याकाळी ओसरीवर आली, तेव्हा कौशल्याबाईने थेंब टाकला, मग थोड्या वेळाने आणखी एक. नंतर बाटली उलटी धरून ठोकली, तेव्हा एकच थेंब निघाला. तो शेवटचा.

इकडे कौशल्याबाईचा स्वतःचा डोळाही आतून दुखू लागला होता. तिने कुणाला सांगितलं नाही.

तुलाराम सकाळी बायकोला धरून घेऊन आला. शकुनने पदर बाजूला केला आणि चंद्रकांता एक पाऊल मागे सरली.

"बुबुरावर पांढरं आलं, आत्याबाई," ती सासूला म्हणाली. "शिजल्या भातावानी."

इश्वरने बंडी जुंपली. कौशल्याबाईला दाखवायची तारीख तशीही आलीच होती. त्याने दोघींना घेऊन मोटारस्टँड गाठायचं ठरवलं. तुलाराम म्हणाला, पोरांना कुणाकडे टाकू? तो मागे राहिला. इश्वर दोर आणायला गोठ्यात गेला, तेव्हा कौशल्याबाई बंडीत शकुनजवळ सरकली.

"शकुन, पोरी. दवाईचं तिथं काई बोलू नोको हां. मले बोलतीन डाक्टर. इश्वरले बी माहीत नाई."

शकुनने डोळ्यावर पदराचा बोळा दाबून धरला होता. "नाई बोलत, मोठीमाय. तुमी त माह्यासाठीच टाकली."

कौशल्याबाईला ते ऐकून बरं वाटलं. पण बैल चालू लागल्यावर तिला त्या बरं वाटण्याचीच लाज वाटू लागली. तिने तोंड फिरवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या होत्या, पण तिला नुसता पिवळा रंग दिसत होता.

भंडाऱ्याला शिबिरातल्या डॉक्टरांच्या दारात गर्दी होती. बाकांवर डोळ्यांवर पट्टी बांधलेली माणसं बसली होती. शिबिरातल्या दोघी ओळखीच्या बायका भेटल्या. "मास्तरीन आली," एक म्हणाली. "हिनंच शिकवलं आमाले."

आधी कौशल्याबाईला बोलावलं. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकला आणि बराच वेळ आत पाहिलं. सुलोचनाबाई शेजारी उभ्या होत्या.

"सूज आहे. एवढी असायला नको होती. औषध रोज टाकता ना?"

"टाकते."

"बाटली आणली?"

"संपली, साहेब."

"संपली? अजून अर्धी उरायला हवी होती."

"मांजरीनं सांडवली," कौशल्याबाई म्हणाली.

सुलोचनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. कौशल्याबाईला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. इश्वर दाराशी उभा होता. तो म्हणाला, "आमच्या घरी मांजर नाई, माय."

"शेजाऱ्याची आली होती," ती म्हणाली.

तिला बाजूच्या स्टुलावर बसवून डॉक्टरांनी शकुनला खुर्चीत बसवलं. उजेड पडताच शकुन कळवळली, तिने खुर्चीची दांडी धरली.

"काय गेलं होतं डोळ्यात?"

"धानाचं कुसर."

"किती दिवस झाले? आठवडा? आणि यात काय टाकलं?"

"काई नाई, साहेब."

"नीट आठवून सांगा बाई. पाला, दूध, काजळ? कुणाचं औषध?"

"नाई. पानीच मारलं."

डॉक्टर नर्सकडे वळून हळू आवाजात बोलू लागले. खोलीत कुणी हलत नव्हतं, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू येत होता. "नुसतं कुसळ असतं तर डोळा लाल भडक झाला असता, दुखून ही दुसऱ्या दिवशीच आली असती. इथे वरून शांत आणि आतून पसरलंय. असं कशानं झालं ते कळलं नाही तर मी अंधारात औषध देतोय. साधं औषध सुरू करू आणि दोन दिवस पाहू."

"आणि दोन दिवसांत फुटला तर?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"तर डोळा गेला."

शकुनला पुरतं कळलं नसावं. ती पदराचा बोळा शोधत होती. पदर सुटून जमिनीवर लोळत होता. आपल्या पायाजवळ काहीतरी पडलेलं कौशल्याबाईला दिसत होतं. वाकायची मनाई होती. ती स्टुलावरून उठली.

"साहेब, मी टाकली माही दवाई."

"काय?"

"माह्या बाटलीतली. हिच्या डोऱ्यात. रोज. ठनकलं का टाकली. मीच हिले मनलं सांगू नोको." तिचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला असावा, कारण तिथलं बोलणं थांबलं. "मांजर नाई. मांजर कोनाचीच नाई."

इश्वर दारातून एक पाऊल आत आला आणि तिथेच थांबला. डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला उभं राहणं सोपं गेलं असतं.

"तुमच्या डोळ्यात आम्ही जखम केली होती," ते म्हणाले. "ती स्वच्छ होती, तिची सूज उतरवायला ते औषध. हिच्या डोळ्यात कुसळाबरोबर बुरशी गेली. शरीर तिच्याशी झगडत होतं, म्हणून लाल होतं, दुखत होतं. या औषधाने तो झगडाच थांबवला. लाली गेली, ठणका गेला, बुरशीला मोकळं रान मिळालं. कळलं?"

"कळलं."

"आणखी कुणाला दिलं?"

तिने नावं सांगितली. भय्याजी. सोमाजीचा नातू. कलाबाई आणि तिची सून. प्रत्येक नावाला इश्वरची मान आणखी खाली जात होती.

"बाई," सुलोचनाबाई म्हणाल्या, "मी सांगितलं नव्हतं का?"

"सांगतलं होतं." कौशल्याबाईने भिंतीकडे पाहिलं. मग शिबिरात म्हटलं होतं तसंच, ओळीने, ती म्हणू लागली. "हात धुवाचे. बाटली हलवाची. टोक लागू द्याचं नाई. एकदम बंद कराचं नाई. ज्याचा डोरा त्याचीच..."

सुलोचनाबाईंनी खाली वाकून शकुनचा पदर उचलून तिच्या हातात दिला.

शकुनला तिथेच ठेवून घेतलं. तिच्यासाठी दुसरं औषध नागपूरहून मागवलं. कौशल्याबाईला नवी बाटली मिळाली.

परतताना इश्वर मोटारीत तिच्या शेजारी बसला नाही, दांडीला धरून उभा राहिला. बंडीत बसल्यावर मात्र म्हणाला, "तिच्यावर मी खेकसलो, माय. कोंडा पडते मनून."

दुसऱ्या दिवशी कौशल्याबाई काठी घेऊन घराबाहेर पडली. चंद्रकांता म्हणाली, मी सांगून येते. "नोको," ती म्हणाली, "दिली मी, सांगन बी मीच." ज्यांना ज्यांना थेंब दिला होता त्यांच्या दारात ती उभी राहिली. डोळा दाखवून या, माझ्याकडून चूक झाली, असं म्हणाली. सोमाजीच्या सुनेने नातवाला ओढून आत नेलं आणि दार लावून घेतलं. कलाबाई म्हणाली, "डाक्टरीन झाली होती न बाई! आता आमाले बंडीचा फेरा." भय्याजी खाटेवर बसून बिडी ओढत होता.

"माहा डोरा त बेस हाय. तू कायले रडून रायली?"

"तरी दाखवून ये."

"शकुनचा गेला मनते?"

"अजून नाई."

भय्याजीने बिडी विझवली. "मी बोंबललो नसतो रस्त्यानं त कोनी आलं नसतं," तो म्हणाला. ती पुढच्या दाराकडे वळली होती.

धान घरात आलं. खळं ओस पडलं. कौशल्याबाईचा डोळा निवला, थेंब सांगितल्याप्रमाणे कमी होत गेले. चंद्रकांताने प्रत्येक थेंब स्वतः टाकला. ती सासूला टोचून बोलली नाही, पण बाटली आता कोनाड्यात नव्हती. तिच्या पेटीत होती, कुलूप लावून.

शकुन परत आली. डोळा वाचला, असं गावात सांगत होते. त्यात फूल पडलं, डाग राहिला, असंही सांगत होते. कौशल्याबाईला ती येता-जाता दिसायची, पण नुसता चेहऱ्याचा गोल, पूर्वीसारखाच. मग चष्मा तयार होऊन आला. इश्वरने तिच्या हातात दिला. काचेच्या गोटीसारखी जाड भिंगं होती. "यातून सगरं मोठं दिसन, असं सांगतलं डाक्टरनं. सवय होते मनते."

तिने तो डबीत घालून उशाखाली ठेवला. ठेचकाळत चालायची, तांदूळ बोटांनी चाचपून निवडायची. इश्वर रागावला, तर म्हणाली, "कान दुखतेत."

एका सकाळी शकुनच आली. ओसरीच्या पायरीवर बसली.

"मोठीमाय, चष्मा आला मनते."

"आला."

"मंग लावत काहून नाई?"

कौशल्याबाई सुपातले तांदूळ चाचपत राहिली.

"लावा न वो. पाहा एकदा. सगऱ्या गावानं पायलं, तुमीच रायल्या."

"नोको, शकुन."

"मले थेंब टाकाचे हायेत अजून. पोरायच्या बापाचा हात थरथरते, टोक डोऱ्याले लागते. पोरायच्या हाती त देता नाई येत." तिने पदराच्या गाठीतून बाटली काढली आणि पायरीवर ठेवली. "तुमाले पाठ हाय न सगरं."

कौशल्याबाईने सूप बाजूला ठेवलं. मग उठली, न्हाणीत गेली, साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. आत चंद्रकांताच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. कौशल्याबाईने उशाखालची डबी काढली आणि चष्मा डोळ्याला लावला. खांब एकदम जवळ आला, पायरी वर आली. तिने भिंत धरली. मग सावकाश शकुनसमोर जाऊन बसली.

"बाटली कोनाची?" तिने विचारलं.

"माहीच. नाव हाय वरतं."

कौशल्याबाईने बाटली हलवली. शकुनने मान मागे केली. तिच्या नाकाजवळ देवीचे वण होते, गळ्यात काळी पोत, ओठाला चीर पडलेली. हे सगळं इतक्या जवळून कौशल्याबाईने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मग तिने खालची पापणी ओढली.

बुबुळाच्या मधोमध पांढरं फूल होतं.

तिचा हात थांबला. टोक डोळ्याला लागू न देता तिने एकच थेंब सोडला आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरला.

"केवढं दिसते?" डोळा मिटलेल्या शकुनने विचारलं. "पोरायचा बाप मनते, जवारीएवढं हाय. खरं का?"

जाड भिंगातून सगळं आहे त्याहून मोठं दिसतं, हे कौशल्याबाईला सांगितलं होतं. चष्मा काढला असता, तर ते लहान झालं असतं, कदाचित नाहीसंच झालं असतं. तिने तो काढला नाही.

"मोठं हाय," ती म्हणाली.